चेन बरी की शाफ्ट?

पावसाळ्यात कोलकात्याच्या ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट भागात तासभर जोराची सर आली की रस्त्याचा ओढा होतो. त्या गुडघाभर पाण्यातून हातरिक्षा निमूटपणे निघून जाते. तिला ना इंजीन, ना चेन. मोटरसायकलवाल्याचे मात्र तसे नाही. घरी आल्यावर गाडी पुसली की तो निश्चिंत होतो. पण चेनवरचे तेल पाण्याबरोबर गेलेले असते आणि त्या जागी वाळू-चिखल बसलेला असतो. मग चार दिवसांत करकर सुरू होते.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो. खरे तर पोलाद फारसे ताणले जात नाही. चेनमधल्या शंभराहून अधिक पिना झिजतात, प्रत्येकीपाशी केसभर फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन ढिली होते.

या कटकटीवर उपाय जुनाच आहे. १९२३ साली निघालेल्या बीएमडब्ल्यूच्या पहिल्या मोटरसायकलला, आर-३२ ला, चेनच नव्हती. इंजिनाची ताकद पोलादी दांड्याने, म्हणजे शाफ्टने, मागच्या चाकाकडे नेली होती. टोकाचे गिअर बंद पेटीत, तेलात. ना चिखल, ना करकर. १९४७ ची इटलीची लॅम्ब्रेटा स्कूटरही शाफ्टवरच चाले. १९५८ च्या एलआय मॉडेलमध्ये तिने पेटीबंद चेन घेतली.

मग शाफ्ट घरोघरी का नाही? एक तर ती जड आणि महाग. शिवाय बहुतेक गाड्यांत ताकद काटकोनात वळवताना थोडी वाया जाते, आणि मायलेज हा तर आपला जिव्हाळ्याचा प्रश्न! बिघाड झालाच तर खर्च मोठा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा सेट मात्र कोलकात्यातल्या मल्लिकबाजारापासून गल्लीतल्या मेकॅनिकपर्यंत कुठेही मिळतो.

मधला मार्ग जावा-येझदीने दाखवला होता. १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेल्या या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असे. हल्ली ऐटीसाठी चेन उघडी ठेवतात, हे काही शहाणपणाचे नव्हे. मागे बसणाऱ्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी क्षणात आत ओढली जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचे चाक निम्म्याहून कमी झाकलेले चालत नाही, ते याचसाठी. साडीगार्ड ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकणाऱ्या चिरंजीवांना घरच्यांनी अडवावे.

आणखी एक खोड जीवघेणी. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, इंजीन चालू करून गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडके धरायचे. फडके दातांत अडकले की त्यामागून बोटे जातात. इंजीन बंद करून, किल्ली खिशात टाकून, चाक हाताने फिरवत चेन रॉकेलने पुसावी, वाळवावी, मग गिअर ऑइल लावावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. पाण्यातून गाडी आणली असेल तर ते त्याच संध्याकाळी उरकावे.