मोरजीची सावली आणि कोनांचे नाते

कोटिकोन, पूरककोन, व्युत्क्रम कोन ही नावे विद्यार्थी पाठ करतात. मात्र आकृती थोडी फिरवून दिली की गोंधळतात. गोव्यात मराठीतून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या मुलांसमोर पुढे याच संज्ञा 'कॉम्प्लिमेंटरी', 'सप्लिमेंटरी', 'अल्टरनेट' अशा नव्या वेशात येतात. नावे बदलली तरी कोनांमधील नाते बदलत नाही. ते उमगण्यासाठी पेडणे तालुक्यातील मोरजीचा किनारा आणि एक काठी पुरेशी आहे.

२१ मार्च वा २३ सप्टेंबरच्या सुमारास सपाट वाळूत काठी अशी रोवावी की तिची १ मीटर लांबी वर राहील आणि ती जमिनीशी ९० अंशांचा कोन करील. मध्यान्ही सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती सुमारे २८ सेंटिमीटर भरते. काठी, सावली आणि सूर्यकिरण मिळून काटकोन त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. त्यातील ९० वजा केल्यास उरलेल्या दोन कोनांची बेरीज ९० अंश होते. हेच कोटिकोन. येथे सावलीच्या टोकाशी ७४.४ अंशांचा, तर काठीच्या माथ्याशी १५.६ अंशांचा कोन होतो. सावलीची रेषा टोकापुढे वाढवली, तर किरणाच्या दुसऱ्या बाजूस १०५.६ अंशांचा कोन मिळतो. ७४.४ आणि १०५.६ यांची बेरीज १८०, म्हणून ते पूरककोन.

माथ्याशी झालेला १५.६ अंशांचा कोन हाच मोरजीचा अक्षांश आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण जवळपास समांतर मानता येतात. त्या दिवशी मध्यान्ही विषुववृत्तावर पडणारा किरण सरळ वाढवला, तर तो पृथ्वीच्या केंद्राकडे जातो. मोरजीतील काठी खाली वाढवली, तर तीही केंद्रालाच पोहोचते. काठीची ही रेषा दोन समांतर किरणांची छेदिका ठरते. त्यामुळे माथ्याशी झालेला कोन आणि केंद्राशी झालेला कोन हे व्युत्क्रम कोन समान असतात.

याच नात्याच्या आधारे ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस याने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला. अलेक्झांड्रियात त्याला ७.२ अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन मिळाला होता.

उत्तरपत्रिकेत गुण जातात ते बहुधा एका अटीच्या विसरामुळे. रेषा समांतर नसल्या तरी कोनांना 'व्युत्क्रम' असेच म्हणतात. पण ते समान नसतात. म्हणून कोन समान लिहिण्यापूर्वी रेषा समांतर असल्याचे कारण नोंदवणे आवश्यक आहे.