बोर्डावरच्या विजेची वंशावळ

भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातली वीज रावेर-यावलच्या केळीबागेत थेट पोचत नाही. उपकेंद्रांत दाब टप्प्याटप्प्याने उतरतो, ११ किलोव्होल्टची लाइन शिवारातल्या डीपीवर येते आणि मग मोटार चालते. ठिबक सांभाळणाऱ्या एखाद्या लिनक्स बोर्डाच्या आतही अशीच उतरंड असते: ५ व्होल्टमधून ३.३, त्यातून १.८. दाब उतरवून स्थिर ठेवणारा भाग म्हणजे रेग्युलेटर.

पण बोर्डावर कोणता रेग्युलेटर कुठे आहे, हे लिनक्सला आपोआप कळत नाही. ते डिव्हाइस ट्री या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. प्रत्येक रेग्युलेटरचं नाव, किमान व कमाल दाब आणि त्याला वीज देणारा वरचा रेग्युलेटर. दाब मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात, १.८ व्होल्ट म्हणजे १८०००००. एक शून्य चुकलं की घोळ.

किमान-कमाल दाबाची ही मर्यादा रेग्युलेटरच्या कुवतीची नसते, तर त्याच्यापुढे जोडलेल्या भागांना सोसेल तेवढ्या दाबाची असते. रेग्युलेटरच्या माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे उतरवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. मेमरी किंवा प्रोसेसर कायमचा जळू शकतो.

आणखी एक नोंद विसरू नये: ‘कायम चालू’. कोणीच मागणी न नोंदवलेला रेग्युलेटर लिनक्स सुरू झाल्यावर थोड्या वेळाने बंद करतं. मेमरीचा पुरवठाच असा तुटला, तर बोर्ड जागीच थिजतो.