ड्रमचे वेड आणि आमचा दादा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणीचे ताट, करंज्यांचा डबा आणि आमचे चिरंजीव अशी तीन नाजूक प्रकरणे सांभाळीत मी दरवर्षीप्रमाणे डोंबिवलीला दादाकडे पोचले. दार वहिनींनी उघडले. 'काही विचारू नका, आत जा आणि स्वतःच पाहा,' असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. आत गेले आणि पाहातच राहिले! दिवाणखान्यात, खिडकीपाशी जिथे इतकी वर्षे टीपॉय होते, तिथे एक अख्खा ड्रमसेट मांडलेला होता. मोठा ढोल, लहान ढोल, कडेला डुगडुगणाऱ्या दोन झांजा. आणि त्यामागे स्टुलावर, पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा, बँकेत अधिकारी असलेला माझा भाऊ नवऱ्या मुलासारखा लाजत बसला होता.

"१९६० च्या सुमाराचा आहे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा वयानं वडील. म्हणून नमस्कार करूनच घरात आणला."

वांद्र्याच्या एका दिवंगत गोवेकर वादकाच्या मुलाकडून त्याने तो विकत घेतला होता. केवढ्याला, हे त्याने वहिनींना एक आणि मला एक सांगितले. चिरंजीव तर त्या सेटभोवती, देवळातल्या नंदीभोवती घालावी तशी, प्रदक्षिणाच घालू लागले. सगळे हसले. कोपऱ्यात आरामखुर्चीवर बसलेल्या आप्पांना हल्ली नीट ऐकू येत नाही. ते नुसते पाहात होते.

मला मात्र हसू आले नाही. आमच्या घरात ड्रमचा विषय पस्तीस वर्षांनी निघत होता.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहात होतो. दादाला हात स्वस्थ ठेवणे जन्मापासूनच माहीत नव्हते. डालड्याचा डबा, आगपेटी, जेवणाचे ताट, माझी पाठ, जे हाताला लागेल त्यावर त्याची लय चाले. गणपतीत बेंजो पार्टी वाजू लागली की हा मिरवणुकीबरोबर चौपाटीपर्यंत जाई. दहावीच्या वर्षी वरातीच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्याने एक टाकाऊ साइड ड्रम ४० रुपयांना मिळवला. एका बाजूची पुडी फाटलेली, कड गंजलेली. पण तो रोज त्याला फडक्याने पुसायचा आणि खाटेखाली ठेवायचा. शेजारच्यांनी तक्रारी केल्या, आप्पांनी ताकीद दिली, आईने मध्यस्थी केली. मार्चमध्ये परीक्षा आली. दादा भूमितीच्या पेपरला गेलेला असताना चाळीखाली भंगारवाला आला. आप्पा म्हणाले, "त्याला वर बोलाव." गॅलरीतून वाकून हाक मारणारी मुलगी नऊ वर्षांची होती. ती मी.

संध्याकाळी दादाने खाटेखाली पाहिले, आणि मग अभ्यासाला बसला. तो त्यावर कधी एक शब्दही बोलला नाही. पुढे पास झाला, बँकेत लागला, सगळे यथास्थित झाले.

भाऊबीजेहून परत आले तेव्हा कॉलेजला सुट्टी होती. मी मराठीची अध्यापिका. माझा तालाशी संबंध वृत्तांपुरता. पण या माणसाने पस्तीस वर्षांनी जुनाच ड्रम का घ्यावा, नवा का नाही, हा प्रश्न काही केल्या सुटेना. म्हणून वाचू लागले, आणि वाचता वाचता दादासारखी बरीच मंडळी भेटली.

पहिली गंमत अशी की ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हेच. ती काटकसर आहे! लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, लहान दुसऱ्याच्या, झांजा तिसऱ्याच्या हातात. नाटकगृहात एवढ्यांना जागा कुठली आणि पगार कुठला? तेव्हा एकाच माणसाकडून सगळे वाजवून घेण्याच्या युक्त्या निघाल्या. शिकागोच्या विल्यम लुडविग नावाच्या वादकाने १९०९ मध्ये भावाच्या साथीने, जलद लयीतही पायाने मोठा ढोल वाजवता येईल असे सुटसुटीत पेडल बाजारात आणले. पायाला काम मिळाले, हात मोकळे झाले आणि एका स्टुलावर तीन माणसे मावली.

या स्टुलावर बसणाऱ्यांची सुरुवात मात्र बहुधा आमच्या डालड्याच्या डब्याच्या जातीचीच. शिकागोचाच जीन क्रुपा घ्या. त्याच्या आईची इच्छा मुलाने धर्मगुरू व्हावे अशी. पोरगा वाद्यांच्या दुकानात हरकाम्या होता. त्याने ड्रम निवडला, कारण मालाच्या यादीत सर्वांत स्वस्त वाद्य तेच होते! हाच क्रुपा पुढे बेनी गुडमनच्या वाद्यवृंदातून १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला. तोवर मागे बसणाऱ्या ड्रमवाल्याला त्याने पुढच्या रांगेचा मान मिळवून दिला. त्याच्या आधी टॉम-टॉम नावाच्या ढोलाची खालची पुडी खिळ्यांनी ठोकलेली असे. दोन्ही पुड्या स्वरात लावता याव्यात म्हणून क्रुपाने स्लिंगरलँड कंपनीकडून १९३६ च्या सुमारास नवे टॉम-टॉम करवून घेतले. तबल्याचे गट्टे ठोकणाऱ्याला यातले महत्त्व समजावून सांगायला नको.

दुसरा रिंगो स्टार, लिव्हरपूलचा. हा मुलगा सदा आजारी. सहाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने वर्षभर इस्पितळात, आणि १९५३ मध्ये क्षयाने पुन्हा सुमारे दोन वर्षे. मुलांचा वेळ जावा म्हणून तिथे वाद्यवादन चाले. रिंगो दोऱ्याच्या रिळाची टिपरी करून खाटेशेजारच्या कपाटावर ठोके मारी. आजीआजोबांनी मँडोलिन दिले, बँजो दिला. याचे मन एकातही रमेना. १९५७ च्या नाताळात त्याच्या सावत्र वडिलांनी १० पौंडांना एक जुना ड्रमसेट घेतला आणि दूर रॉमफर्डहून आगगाडीच्या गार्डाच्या डब्यातून घरी आणला. सावत्र वडील, बरे का! आपल्या कथाकादंबऱ्यांतल्या सावत्र माणसांनी काही शिकण्यासारखे आहे.

पुढे बीटल्समध्ये गेल्यावर रिंगोने १९६३ मध्ये लंडनमध्ये लुडविगचा सेट निवडला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत ७ कोटी ३० लाख लोकांनी रिंगोला टेलिव्हिजनवर पाहिले. दुसऱ्या दिवसापासून घरोघरची पोरे आईवडिलांच्या मागे ड्रमसाठी लागली, आणि लुडविगचा शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालू लागला. रिंगोचा तो पहिला लुडविग सेट २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो चार्ली वॉट्स. लंडनच्या लॉरीचालकाचा मुलगा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास बँजो घेतला. बोटे कुठे ठेवायची ते जमेना. तेव्हा त्याने बँजोची मान काढून टाकली, उरलेले चामड्याचे गोल भांडे स्टँडवर ठेवले आणि तारांच्या ब्रशने ते वाजवू लागला! चिको हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन वादकाचे मऊ ब्रशकाम त्याने तबकडीवर ऐकले होते. तेच त्याला हवे होते. पोराने मोडतोड केली म्हणून आईवडील रागावले की नाही, मला ठाऊक नाही; पण १९५५ मध्ये त्यांनी त्याला ड्रमसेट घेऊन दिला. १९६३ मध्ये तो रोलिंग स्टोन्समध्ये गेला आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. जगभर फिरला, अमाप पैसा मिळवला. पण वाजवायला त्याला आवडे तो १९५७ सालचा ग्रेच कंपनीचा जुना सेट. शिवाय थोर जॅझ-वादकांचे जुने ड्रम तो जमवी, आपल्याकडे जपून ठेवी. मोटार चालवता येत नसताना त्याने जुन्या मोटारीही जमवल्या होत्या. तेव्हा ड्रमचे काय नवल!

आता प्रश्न असा, की जुन्यात असे असते तरी काय? निव्वळ हौस म्हणावी, तर तसे नाही. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लावीत. त्याचा नाद गोल, मऊ; पण हवा दमट झाली की ते सैल पडे, कोरडी झाली की ताठरे. पावसाळ्यात तबला उतरला म्हणून कपाळाला हात लावणारा आपला तबलजी आणि शिकागोचा ड्रमवाला यांचे दुःख एकच. १९५७ मध्ये रेमो बेली याने प्लॅस्टिकच्या पुड्या बाजारात आणल्या आणि हवामानाची कटकट गेली; पण कातड्याचा तो ऊबदार नादही बराचसा गेला. जुन्या ड्रमांची खोडेही लाकडाच्या पातळ थरांची, तीनतीन थरांची. काठीच्या हलक्या स्पर्शालाही ती बोलत. पुढे विजेच्या गिटारींपुढे टिकायचे म्हणून ड्रमही जाड आणि दणकट होत गेले.

शिवाय प्रत्येक जुन्या ड्रमवर त्याच्या काळाचा शिक्का असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वाद्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक धातू वापरायला बंदी आली. तेव्हा स्लिंगरलँडने पुडी ताणण्याच्या पेचांच्या बैठका चक्क शिसवी लाकडाच्या केल्या. त्या काळी ती नाइलाजाची तडजोड. आज शौकीन तेच ड्रम शोधीत हिंडतात. दादाचा सेट प्रीमिअर या इंग्रज कंपनीचा. तिचा लंडनचा कारखाना १९४० च्या बाँबवर्षावात नष्ट झाला आणि कंपनीने लेस्टरकडे नवे बिऱ्हाड थाटले.

आणि तिथला सेट आपल्या वांद्र्याला कसा आला? तीही एक परंपराच आहे. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजू लागले होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले गोवेकर वादक रात्री हॉटेलांत वाजवीत, आणि पुढे दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपल्या राम चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट हा गोवेकर ट्रंपेटवादक साथीला होता. कावस लॉर्ड या पारशी वादकाने सिनेसंगीतात पाश्चात्त्य तालवाद्ये रुजवली. केरसी आणि बुजी हे त्याचे मुलगेही त्याच वाटेने गेले. पडद्यावर नायिका नाचे, नाव गायिकेचे होई. आणि ज्याच्या ठोक्यावर आपल्या घरोघरी पाय थिरकले, तो वादक शेवटच्या लोकलने घरी जाई. अशाच कुणाचा तरी ड्रम माझ्या भावाच्या दिवाणखान्यात येऊन बसला होता.

एवढे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की या सगळ्यांच्या गोष्टीत एक माणूस सारखा भेटतो. तो वाजवीत नाही. तो गार्डाच्या डब्यात ड्रम चढवतो, मोडका बँजो पाहून ड्रमसेट घेऊन देतो, आणि आवाज सोसतो. आमच्या घरात त्या जागी मी होते. गॅलरीत, भंगारवाल्याला हाक मारीत.

सुट्टी संपण्याआधी पुन्हा डोंबिवलीला गेले. दादा एका पेचाला तेल देत होता.

"दादा," मी म्हटले, "त्या दिवशी भंगारवाल्याला मी बोलावलं होतं."

तो मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे. आईनं त्याच रात्री सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"तू नऊ वर्षांची होतीस, छोटे. तुला काय बोलायचं?"

मी गप्प झाले. तोच आरामखुर्चीतून आवाज आला. "अकरा रुपये दिले त्यानं."

आम्ही दोघे वळलो. आप्पा खिडकीबाहेर पाहात होते.

"मी पंधरा मागितले होते," ते म्हणाले. "अकरावर अडून बसला. त्या अकरा रुपयांत याला कंपासपेटी आणली. यानं ती उघडलीसुद्धा नाही."

कुणी काही बोलले नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. चाळीत दोन खोल्यांत सहा माणसे होती, आप्पांचा पगार कारकुनाचा होता, आणि मुलगा दहावीला होता. हे सगळे मला ठाऊक होते. पण अकराचा आकडा त्यांनी पस्तीस वर्षे जपून ठेवला असेल, हे ठाऊक नव्हते.

दादाने फडके बाजूला ठेवले आणि तारांचे ब्रश उचलले. जोराने वाजवायचे नाही ही सवय त्याच्या हातांना लागलेलीच होती. कातड्यावरून ब्रश असे फिरू लागले, की माजघरात कुणी तांदूळ पाखडीत आहे. चिरंजीव दम धरून ऐकत होते.

आप्पा काठीच्या आधाराने उठले. सेटपाशी आले, मोठ्या ढोलाच्या लाकडावर त्यांनी तळहात टेकला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले,

"जरा मोठ्यानं वाजव रे. मला ऐकू येत नाही."