गावचं हायस्कूल, करोल बागेतून पाहिलेलं

दिल्लीच्या करोल बागेत बँक स्ट्रीटवर सराफांच्या झगमगत्या पेढ्या आहेत. त्यांच्या आसपास बीडनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या बोळांत शिरलं, की बंगाली कारागिरांच्या बोलण्यातून मधूनच माणदेशी हेल कानावर पडतो. हे गलाईवाले. सराफाकडची मोड गाळून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातून पिढ्यानपिढ्या बाहेर पडलेली ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत भेटतात.

तिथून थोडं पुढे, ओल्ड राजेंद्रनगरच्या बाजूला, मराठीचा दुसरा घोळका असतो. खांद्याला सॅक, हातात झेरॉक्सच्या नोट्स, चहाच्या टपरीवर राज्यघटनेतल्या कलमांवर वाद. ही यूपीएससीची पोरं. कुणी सारथीच्या विद्यावेतनावर आलेलं, कुणी बार्टीच्या, कुणी महाज्योतीच्या, कुणी बापाने जनावरं विकून पाठवलेलं. त्यांतली काहीजण मुख्य परीक्षेला मराठी साहित्य हा विषय घेतात.

एकाच वस्तीत राहून या दोन जगांची फारशी गाठ पडत नाही. पण शाळा कुठली, असं विचारलं की दोन्हीकडून बहुतेकदा एकच उत्तर येतं: गावचं हायस्कूल. महाराष्ट्राने गेल्या शंभर वर्षांत जे काही उभं केलं, त्यात या हायस्कुलाइतकं मोलाचं फार थोडं आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे हायस्कूल काही आपोआप उगवलेलं नाही. माणदेशाचंच बघा. आटपाडी हा तेव्हा औंध संस्थानचा तालुका होता. मुलाला हायस्कुलात घालायचं तर औंध गाठावं लागे. शेटफळे गावी 1 ऑक्टोबर 1919 रोजी जन्मलेले ग. दि. माडगूळकर हायस्कुलासाठी औंधलाच होते. त्यांच्या आधी पालगडच्या साने गुरुजींनीही शिक्षणापायी काही काळ तिथे काढला होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शिक्षणाला हात दिला म्हणून निदान तेवढी सोय तरी होती. ज्याला गाव सोडून परक्या ठिकाणी राहणं परवडत नव्हतं, त्याचं शिक्षण मात्र चौथी-सातवीला संपत होतं.

माडगूळकरांच्या जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी, 4 ऑक्टोबर 1919 रोजी, कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडलेला हा माणूस. शेतकऱ्याचं पोर शाळेपर्यंत का पोचत नाही, हे त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलेलं होतं. फी हा एक अडसर होता, पण खरी अडचण राहण्या-जेवणाची होती. म्हणून त्यांनी आधी वसतिगृह काढलं. 1924 साली साताऱ्यात सुरू झालेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत आणि आपली कामं आपणच करत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही.

हायस्कूल आलं 1940 साली: साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल. इथे शिक्षण मोफत होतं, राहण्याची सोय होती आणि मुलं शेतावर राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलत होती. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात दिसते. मुळात ती ज्याच्याकडे देण्यासारखे फक्त दोन हात होते, अशा पोरासाठी होती. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने 101 हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. 9 मे 1959 रोजी ते गेले, तोवर संस्थेची शंभरावर हायस्कुलं झाली होती. इतर संस्थाही याच वाटेने निघाल्या. कुठे गावाने जमीन दिली, कुठे दगड आणि श्रमदान, आणि इमारत होईपर्यंत वर्ग देवळात किंवा धर्मशाळेत भरले. महाराष्ट्राची ही घडण लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदेची, हायस्कूल मात्र बहुतेक ठिकाणी संस्थेचं आणि मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून. त्यामुळे गावाला हायस्कूल सरकारचं वाटत नाही, आपलं वाटतं.

आता या हायस्कुलाच्या एका खोलीत जाऊ या. प्रयोगशाळा म्हणायची ती. एक लाकडी कपाट, काचेची नळकांडी, स्पिरिटचा दिवा, आणि परीक्षानळीत मोरचुदाचं निळं द्रावण. मास्तर त्यात दोऱ्याला बांधलेला लोखंडी खिळा सोडतात. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढून त्याची जागा घेतं. दहावीच्या विज्ञानातली ही विस्थापन अभिक्रिया. पोरं वहीत आकृती काढतात आणि विसरतात.

हीच अभिक्रिया बीडनपुऱ्याच्या एखाद्या भट्टीवर रोज घडते. गलाईवाला मोडीतलं सोनं कसोटीवर घासून त्याचा अंदाज घेतो. मग त्यात चांदी मिसळून मुशीत वितळवतो. एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी असं प्रमाण ठेवतात, कारण सोनं जास्त राहिलं तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते नायट्रिकच्या तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, सोन्याला तेजाब लागत नाही. तळाशी तपकिरी माती उरते, तेच सोनं. ते धुऊन, टाकणखार टाकून, 1064 अंशांच्या वर तापवलं की पिवळीधमक लगड तयार होते. राहिली द्रावणातली चांदी. त्यात तांब्याचे पत्रे सोडायचे. तांबं विरघळत जातं आणि करडी चांदी खाली बसते. शाळेच्या नळीत निळा रंग जात होता, इथे तो चढत जातो. तिथे तांबं बाहेर पडत होतं, इथे ते आत जातं. क्रियाशीलतेची तीच श्रेणी, फक्त एक पायरी खाली उतरलेली.

या कामाला किंमत मोजावी लागते. तेजाबाच्या तांबड्या वाफा छातीत बसतात, खोली लहान असते, आणि नजर चुकली तर दुसऱ्याचं सोनं भरून द्यावं लागतं. दहावीनंतर पोरगा इथे येतो तो हौसेने नाही. पर्जन्यछायेतलं शिवार बारा महिने पोट भरत नव्हतं, चुलता किंवा मामा आधीच दिल्लीत होता, म्हणून तो आला. टेंभू उपसा योजनेचं पाणी अलीकडे फिरू लागल्यावर काही गावांचं चित्र पालटलं, पण गलाईची वाट अजून बंद पडलेली नाही.

आणि इथेच मला गावांशी भांडायचं आहे. यूपीएससीत नाव लागलं की चौकात फ्लेक्स लागतो, हायस्कुलात सत्कार होतो. व्हायलाच हवा. पण ज्यांचं नाव लागत नाही, त्यांचं काय? करोल बागेतल्या अभ्यासिकांत बसलेल्यांपैकी अगदी थोड्यांची निवड होते, उरलेले गावी परततात तेव्हा त्यांना शाळेच्या दारात कुणी बोलवत नाही. गलाईवाल्याला बोलवतात ते वर्गणीसाठी. खोलीच्या भिंतीवर देणगीदार म्हणून त्याचं नाव कोरलेलं असतं. माजी विद्यार्थी म्हणून, काहीतरी जाणणारा माणूस म्हणून त्याला फळ्याजवळ उभं केल्याचं फार क्वचित दिसतं.

दरम्यान हायस्कूल आतून झिजतं आहे. मुलांची संख्या घटली की संचमान्यतेत पद जातं. मग मराठीचे मास्तर इतिहास शिकवतात आणि विज्ञानाला बाई येईपर्यंत वर्ष सरतं. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या वाडीवस्तीवरून मुलं उचलतात. गलाईवाल्यांच्या कुटुंबांतली कितीतरी पोरं आता दिल्लीतच वाढतात. पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, पण शहरातल्या गर्दीतून जिथे पोचणं सोपं, त्या शाळेत नाव घातलं जातं. गावच्या हजेरीपटावरचं नाव मात्र कमी होतं. ज्या मुली राहतात, त्यांच्यासाठी एसटीचा मोफत पास ही आजही सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती आहे. गाडी बंद पडली की आठवीतली मुलगी घरी बसते आणि पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. शिक्षणाच्या चर्चासत्रांत या एसटीच्या वेळापत्रकाला जितकी जागा मिळायला हवी, तितकी मिळत नाही.

दिवाळीला आणि गावच्या जत्रेला करोल बागेतली माणसं घरी येतात. मुख्याध्यापकांनी त्यांतल्या एखाद्याला दहावीच्या वर्गात बोलवावं. तेजाब नको, भट्टी नको. शाळेच्या कपाटात सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली असतेच. नसेल तर जिल्ह्याच्या गावाहून आणता येते. परीक्षानळीत त्याचं पातळ द्रावण घ्यावं, तांब्याची तार सोडावी, आणि तारेवर चांदी चढताना काय होतं ते त्यालाच समजावून सांगू द्यावं. मोरचुदाचा प्रयोग त्याने याच कपाटासमोर उभं राहून केलेला आहे. पुढचं वर्गाला तो सांगेल.