तीस सेकंदांची डुलकी

सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. ‘अगं, तुमचं ते शब्दाचं फार छान आहे. पण पहिल्यांदा शब्दावर दोनदा टिचकी मारली की नुसती पांढरी चौकट येते. परत मारली की अर्थ येतो. मग मी वाचत बसते, पाच-सात मिनिटांनी पुढचा शब्द अडतो, की पुन्हा पांढरी. माझं काही चुकतंय का?’

‘नाही हो बाई, तुमचं नाही चुकत,’ असं म्हणाले खरी, पण मनात खात्री होती की त्यांचंच काहीतरी चुकत असणार. कारण त्याच सकाळी माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या होत्या. एकूणएक.

‘ते शब्दाचं’ म्हणजे आम्ही तिघांनी हौसेनं केलेलं क्रोमचं एक एक्स्टेन्शन. इंग्रजी मजकूर वाचताना शब्दावर डबल-क्लिक केलं की शेजारी मराठी अर्थाची चौकट उघडते. कोड दोघे लिहितात, तपासायचं काम माझ्याकडे. पोटापाण्यासाठीही मी तेच करते : ब्राउझरला आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्ट लिहायच्या. माणसानं करायच्या क्लिक यंत्राकडून करून घ्यायच्या, रोज रात्री, न कंटाळता.

या धंद्यातलं सगळ्यात जुनंजाणतं नाव सेलेनियम. २००४ मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यानं थॉटवर्क्समध्ये असताना ते लिहिलं. तेव्हा मर्क्युरी नावाच्या कंपनीची टेस्टिंगची साधनं जोरात होती, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, या विनोदातून ते नाव पडलं. नंतर २०१७ मध्ये क्रोमच्या लोकांनी पपेटिअर आणलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. मी पपेटिअर वापरते. नावाचा अर्थ कळसूत्री बाहुल्या नाचवणारा, आणि काम अगदी तसंच.

फक्त एक अडचण आहे. दोऱ्या बाहुलीला बांधलेल्या असतात, रंगमंचाला नाही. माझी स्क्रिप्ट वेबपानातलं बटण दाबू शकते, रकाना भरू शकते. पण एक्स्टेन्शनचं चिन्ह दिसतं ते वरच्या पट्टीत, आणि ती पट्टी ब्राउझरची, पानाची नव्हे. पानासाठी लिहिलेली क्लिक तिथवर जातच नाही. शिवाय ही साधनं दर वेळी कोरा ब्राउझर उघडतात. नव्यानं भाड्यानं घेतलेली खोली जशी, भिंतीत खिळासुद्धा नाही. इतिहास नाही, कुकी नाहीत, एक्स्टेन्शन तर नाहीच नाही. पपेटिअर तर क्रोम सुरू करतानाच ‘एक्स्टेन्शन बंद’ अशी सूचना देतं. टेस्ट दर वेळी सारखी चालावी म्हणून ते योग्यच आहे. पण मला एक्स्टेन्शनच तपासायचंय, तर मी काय करू?

करायचं ते असं. ती सूचना उलटवायची, एक्स्टेन्शनच्या फोल्डरचा पत्ता क्रोमला सुरुवातीलाच द्यायचा. आणि चिन्हावर क्लिक करता येत नाही म्हणून मागच्या दारानं जायचं : चिन्हाखाली उघडणारी छोटी खिडकी म्हणजे शेवटी एक एचटीएमएल पानच, ते सरळ वेगळ्या टॅबमध्ये उघडायचं. यात एक खाच आहे. ती खिडकी ‘सध्या कोणता टॅब उघडा आहे?’ असं विचारते, आणि आता ती स्वतःच टॅब झालेली असल्यामुळे उत्तर येतं, ‘तूच’. मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली आहे.

त्या पानाच्या पत्त्यात एक्स्टेन्शनची ओळख लागते : ३२ अक्षरं, सगळी ए ते पी यांमधली. क्यू किंवा झेड कधी दिसणार नाही. कारण मुळात तो सोळाच्या पायातला आकडा असतो, शून्यापासून एफपर्यंतच्या सोळा चिन्हांच्या जागी ए ते पी घातलेली. माझ्या लॅपटॉपवरची ३२ अक्षरं मी स्क्रिप्टमध्ये चिकटवून टाकली. झकास चाललं. सर्व्हरवर चढवलं, तर सगळ्या टेस्ट लाल. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य आम्ही टेस्टर लोक डेव्हलपरांच्या तोंडून ऐकून हसतो, ते त्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं. झालं होतं एवढंच, की स्टोअरमधून न घेता फोल्डरातून चढवलेल्या एक्स्टेन्शनची ओळख त्या फोल्डरच्या पत्त्यावरून काढली जाते. सर्व्हरवरचं फोल्डर वेगळं, म्हणून ओळखही वेगळी. एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ‘की’ नावाची ओळ घातली की ती कायमची ठरते, मग फोल्डर कुठेही हलवा.

सर्व्हरला पडदा नसतो, ही आणखी एक भानगड. २०१७ मध्ये क्रोम ५९ बरोबर बिनपडद्याचा, म्हणजे हेडलेस क्रोम आला, पण त्यात एक्स्टेन्शन चालत नसे. मग सर्व्हरवर खोटा पडदा उभारायचा आणि क्रोमला वाटू द्यायचं की समोर स्क्रीन आहे. २०२३ मध्ये ११२व्या आवृत्तीत नवा हेडलेस आला आणि हा खटाटोप संपला. पुढे २०२५ मध्ये १३७व्या आवृत्तीनं नेहमीच्या क्रोममधून सुरुवातीलाच फोल्डरचा पत्ता द्यायची ती सोयच काढून टाकली, कारण त्याच वाटेनं घातक एक्स्टेन्शनही आत शिरत होती. आता क्रोमियम किंवा टेस्टिंगसाठीचा वेगळा क्रोम घ्यावा लागतो. तक्रार नाही, चोराची वाट बुजवताना आपलीही बुजते.

तर, बाईंची पांढरी चौकट.

एक्स्टेन्शनचा एक भाग पानात शिरतो, दुसरा मागे बसतो. पानातला भाग शब्द पकडतो, मागच्याला विचारतो, तो कोशातून अर्थ काढून देतो. पूर्वी हा मागचा भाग ब्राउझर सुरू असेपर्यंत जागा राहू शकत असे. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याच्या जागी सर्व्हिस वर्कर आला, आणि तो ३० सेकंद काही काम नसलं की झोपतो. झोपतो म्हणजे मरतोच : त्याच्या डोक्यात होतं ते सगळं पुसलं जातं. निरोप आला की नव्यानं उठतो, कोऱ्या पाटीनं.

आमचा वर्कर उठल्यावर आधी कोश आणि सेटिंग डोक्यात भरून घ्यायचा. पण ते भरून होण्याआधीच बाईंच्या शब्दाचा निरोप त्याच्या हातात. त्यानं रिकाम्या डोक्यात पाहिलं, काही सापडलं नाही, रिकामं उत्तर पाठवलं. दुसऱ्या टिचकीपर्यंत भरून झालेलं असे, म्हणून अर्थ यायचा. बाई शब्दशः खरं सांगत होत्या.

मग माझ्या टेस्टना हे का दिसलं नाही? पहिलं कारण सोपं. माझी स्क्रिप्ट कधी वाचतच नाही. एक शब्द, की लगेच पुढचा. वर्करला डुलकी घ्यायला सवडच नाही. म्हणून मी मध्ये ४० सेकंद थांबायची ओळ घातली आणि लाल रंगाची वाट पाहत चहा टाकला.

टेस्ट हिरवी.

६० सेकंद केले. हिरवी. पाच मिनिटं केली, तरी हिरवी. लॅपटॉपवर साध्या क्रोममध्ये मात्र, हातानं, अर्ध्या मिनिटाच्या पुढे थांबलं की पांढरी चौकट दर वेळी हजर. हे कोडं उलगडायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले. स्क्रिप्ट वर्करशी बोलते ती डीबगरच्या वाटेनं, आणि डीबगर जोडलेला असेपर्यंत क्रोम वर्करला झोपू देत नाही. वर्गात साहेब तपासणीला बसलेत, तर मागच्या बाकावरचं पोरगंही ताठ बसणारच. मी त्याच्या झोपेची वाट पाहत होते आणि माझ्या पाहण्यामुळेच तो जागा होता.

उपाय थोडा क्रूर आहे. वाट पाहायची नाही, स्क्रिप्टमधून वर्करला थेट मारायचं. पपेटिअरमध्ये त्याला एका ओळीची आज्ञा पुरते. मग पानातल्या शब्दावर डबल-क्लिक. पहिल्याच फेरीत पांढरी चौकट आली, टेस्ट लाल झाली, आणि लाल रंग पाहून इतका आनंद मला नोकरीतही कधी झाला नसेल. दुरुस्ती चार ओळींची : भरून झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पुन्हा चालवलं. वर्कर मेला, शब्दावर क्लिक, वर्कर उठला, चौकटीत अर्थ.

नवी आवृत्ती स्टोअरवर गेल्यावर मी बाईंना फोन केला. त्यांनी फोन कानाशी धरूनच करून पाहिलं.

‘आला गं अर्थ, पहिल्या झटक्यात आला,’ म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘पण मी चष्मा लावेपर्यंत ती चौकट जाते कुठे?’

पाच सेकंदांनी चौकट आपोआप मिटते. ते कोडमध्ये आम्हीच लिहिलंय, आणि ‘चौकट पाच सेकंदांत मिटलीच पाहिजे’ अशी माझी एक टेस्टही आहे. ती रोज रात्री हिरवी येते.