समुपदेशकाची उमेदवारी
कर्जत-खालापूरच्या वाड्यांच्या निमित्ताने

मानसशास्त्र घेऊन एम्. ए. करणारी मुलगी किंवा सून हल्ली आपल्या परिचयाच्या घरांतून सहज आढळते. घरातील वडीलधाऱ्या बायकांस मात्र या विद्येचा नीटसा उलगडा झालेला नसतो. “लोकांची दुःखे ऐकण्याकरिता कॉलेजात कशाला जावयास हवे? ते तर आम्ही जन्मभर माजघरात बसून करीत आलो,” असे आजेसासूबाई म्हणतात. त्यातच एके दिवशी ही मुलगी सांगते की, आता काही आठवडे तिला कर्जत-खालापूरकडील एखाद्या आश्रमशाळेत किंवा आदिवासी वाडीवर जावे लागणार आणि त्या कामास परीक्षेत गुण आहेत. मग दुसरा प्रश्न निघतो: मुंबई-पुण्यात काय दुःखी माणसे नाहीत? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांची उत्तरे आम्ही येथे देणार आहोत. परंतु त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न आहे, जो घरात बहुधा कोणी विचारीत नाही. ज्या वाडीवर ही मुलगी शिकावयास जाते, त्या वाडीचे त्यात हित कोणते?

प्रथम आजेसासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. एकत्र कुटुंबात दुःख ऐकणारे कोणी तरी नेहमीच असे, आणि त्या ऐकण्याने पुष्कळांचे संसार तरले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ऐकणारी आजी त्याच घरातील एक पक्ष असते. सुनेचे गाऱ्हाणे ऐकताना तिला मुलाची बाजू सुटत नाही, आणि ऐकून झाले की ती उपदेश करते. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ बसलेला आहे, ही आमच्या मते त्या शब्दाची दुर्दैवी बाजू होय. कारण या विद्येचा पहिला पाठच असा की उपदेशाची घाई करू नये. समोरच्यास स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडू द्यावी, तीतून कोणत्या वाटा निघतात हे त्याजबरोबर शोधावे, व निवड त्याची त्यास करू द्यावी. हे वाचावयास सोपे आणि करावयास अतिशय कठीण आहे. शिकलेल्या, बोलक्या घरांतील मुलामुलींस तर ते विशेषच कठीण जाते. आपल्या घरांतून दुसऱ्यास चार शहाणपणाच्या गोष्टी सांगण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे!

अशी सवय पुस्तकाने मोडत नाही. तिच्याकरिता उमेदवारी करावी लागते.

उमेदवारीची परंपरा

परोपकाराचे काम शिकूनच केले पाहिजे, ही कल्पना फार जुनी नाही. न्यूयॉर्क येथे १८९८ साली दानधर्माच्या एका संस्थेने कार्यकर्त्यांकरिता सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग काढला. तेथून पाश्चात्य देशांत समाजकार्याच्या विद्यालयांस प्रारंभ झाला. मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात बर्लिनच्या संस्थेने १९२० नंतर असा दंडक घातला की, शिकाऊ माणसाने आपले पहिले रुग्ण अनुभवी गुरूच्या नजरेखालीच हाताळावेत. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास आणखी पुढचे पाऊल टाकले. समुपदेशनातील प्रत्यक्ष संभाषणे त्याने तबकड्यांवर मुद्रित करविली व विद्यार्थ्यांसह ती पुनःपुन्हा ऐकली. ‘मी फक्त ऐकत होतो’ असे सांगणारा विद्यार्थी वास्तविक किती बोलत होता, हे त्या तबकड्यांनी प्रथमच उघडे पाडले.

आपल्याकडेही ही परंपरा वाटते तितकी नवी नाही. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी गृहस्थ मुंबईस नागपाड्याच्या गिरणीकामगारांच्या वस्तीत काम करीत होते. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय तेथे निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. वर्गातील अभ्यास व वस्तीतील देखरेखीखालचे काम या दोहोंची सांगड तेथे आरंभापासून घातलेली होती. दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, या विद्यालयाने बालकांच्या मानसिक अडचणींकरिता मार्गदर्शन केंद्र उघडले. या देशातील तशा प्रकारचे ते पहिलेच होय. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप होऊन सुमारे आठ हजार माणसे दगावली, तेव्हाच्या पुनर्वसनकार्यातही या संस्थेचा मोठा वाटा होता.

आता या उमेदवारीस विद्यापीठांच्या नियमांचाच आधार मिळाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यांकरिता चार श्रेयांक राखून ठेविले आहेत. एका श्रेयांकास तीस तास, म्हणजे एकूण एकशेवीस तास झाले. अमेरिकेत समुपदेशनाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास आधी शंभर व मग सहाशे तासांचे प्रत्यक्ष काम लागते आणि त्या काळात दर आठवड्यास मार्गदर्शकाची भेट सक्तीची असते. त्या मानाने आमचे तास थोडे आहेत. तथापि तासांच्या संख्येहून मोठी गोष्ट ती मार्गदर्शकाची भेट आहे.

देखरेख म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी की, देखरेख म्हणजे हजेरीपत्रकावर सही. खरी देखरेख अगदी निराळी असते. विद्यार्थिनी एखाद्या मुलीशी अर्धा तास बोलून येते. त्याच सायंकाळी ती ते संभाषण आठवून लिहून काढते: ती काय म्हणाली, मी काय म्हटले, ती कोठे गप्प झाली, त्या वेळी माझ्या मनात काय आले. नावगाव त्यात लिहावयाचे नसते. आठवड्याच्या बैठकीत मार्गदर्शक ते वाचतो आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, “येथे ती रडू लागली आणि तुम्ही तिला शाळेच्या अभ्यासाविषयी विचारले. असे का केले?” विद्यार्थिनी पुष्कळ कारणे सांगते, शेवटी खरे कारण निघते की, त्या मुलीचे रडणे तिलाच सोसवेना. या एका उत्तराने जे शिक्षण होते ते शंभर व्याख्यानांनी होत नाही.

देखरेखीची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. समजा, एखादे मूल बोलता बोलता आपल्यावरील अत्याचाराची गोष्ट सांगते, किंवा एखादी बाई जीव द्यावा असे वाटते म्हणून सांगते. बावीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करावे? गुप्ततेचे वचन तिने दिलेले असते; परंतु मुलांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळल्यावर तो पोलिसांस कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. म्हणूनच गुप्ततेस मर्यादा आहे हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगून ठेवावे लागते, आणि संकटाच्या घटकेस फोन उचलणारा अनुभवी माणूस पाठीशी असावा लागतो. तो नसेल तर आपण त्या मुलीसही फसविले आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्यासही.

कर्जत-खालापूरच का?

आता दुसरा प्रश्न. मुंबई-पुणे लोहमार्गावर घाटाच्या पायथ्याशी कर्जत आहे, तेथून खोपोलीस फाटा जातो. मुंबईहून लोकलगाडीने दोन-अडीच तासांत माणूस येथे पोचतो. परंतु स्टेशन सोडून तासभर डोंगराकडे चालले की, शहरातील पाठ्यपुस्तकांचा उपयोग झपाट्याने कमी होऊ लागतो. या दोन तालुक्यांत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या पसरल्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक जमात. एके काळी खैरापासून कात काढणारे हे लोक आता बहुतांशी मजुरीवर जगतात. पावसाळ्यात हातास काम नसते, तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जावयाचे, ते पावसाच्या तोंडी परतावयाचे, असा पुष्कळ कुटुंबांचा वर्षक्रम आहे.

येथेच विद्यापीठाच्या वेळापत्रकाची पहिली परीक्षा होते. क्षेत्रप्रकल्प बहुधा दुसऱ्या सत्रात, म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात येतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कातकरी वाडी अर्धी ओस पडलेली असते! मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि आश्रमशाळेत ठेवलेली मुले. ज्यास हे ठाऊक नाही तो ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असे अहवालात लिहून मोकळा होतो. ज्यास ठाऊक आहे तो आपले काम आश्रमशाळेत मांडतो, कारण आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलांचे दुःख तेथे आहे. किंवा भट्टीवर जातो आणि उचलीच्या कर्जाचे ओझे मनावर कसे बसते ते पाहतो. तेथे त्यास हेही कळते की, प्रत्येक दुःख मनातून उगवलेले नसते. ज्यास मुकादमाचे देणे आहे त्यास दीर्घ श्वास घ्यावयास शिकवून काय होणार? त्यास हिशेब समजावून देणारा व हक्क सांगणारा माणूस आधी हवा, आणि तो गाठून देणे हेही समुपदेशकाचे काम आहे.

भाषेचीही परीक्षा आहे. ‘नैराश्य’, ‘चिंताविकार’ हे शब्द येथे कोणी वापरीत नाही. जीव लागत नाही, करमत नाही, छाती भरून येते, डोके जड होते, असे माणूस सांगतो, आणि ते सांगण्यास आधी भगताकडे जातो. भगताची टवाळी करणाऱ्या शहरी मुलाशी वाडी पुन्हा बोलत नाही. पुस्तकात म्हटलेली एकांताची खोली तर कोठेच नसते. पडवीत बसले की पाच मिनिटांत शेजारणी जमतात. मग पाण्याला जाताना बरोबर चालावे, हातपंपापाशी थांबावे, आणि ज्या दिवशी बोलणे नको असेल त्या दिवशी नुसते बसून यावे, असे मार्ग काढावे लागतात. शहराच्या दवाखान्यात हे शिकता येत नाही, म्हणून कर्जत-खालापूर.

इर्शाळवाडीचा धडा

आता तो तिसरा प्रश्न. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडी ही ठाकूर लोकांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. वर जाण्यास केवळ पायवाट, त्यामुळे यंत्रे पोचली नाहीत. माती हातांनी उपसावी लागली. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसांचा पत्ता नव्हता. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. वाचली ती आईबापांवाचून. उरलेल्या कुटुंबांस आधी चौक येथे तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवण्यात आले व पुढे त्यांच्याकरिता कायमची वसाहत उभारण्यात आली.

अशा प्रसंगी मदतीस धावणारांची रीघ लागते, आणि ती मनापासून असते. पण जो येतो तो विचारतो, ‘त्या रात्री काय झाले?’ आज एकाने विचारावे, उद्या दुसऱ्याने, परवा तिसऱ्याने वही घेऊन बसावे. शोकग्रस्त माणसास आपली कथा परक्यांपुढे पुनःपुन्हा सांगावयास लावल्याने दुःख हलके होते, ही समजूत आता शास्त्राने सोडून दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाचाही रोख हाच की, आपत्तीनंतर प्रथम सुरक्षितता, अन्न, निवारा व आप्तांची गाठभेट पाहावी; ज्यास बोलावेसे वाटेल त्याचे ऐकावे, कोणासही बोलते करू नये. हा संयम कोवळ्या विद्यार्थ्यास एकट्याने साधणे अवघड आहे. त्याला भरावयाचे तास असतात, लिहावयाचा अहवाल असतो, आणि मनात उत्साह असतो. या तिन्हींस लगाम घालणारा अनुभवी हात म्हणजे मार्गदर्शक.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, देखरेख ही विद्यार्थ्याची सोय म्हणून जेवढी आवश्यक आहे, त्याहून अधिक ती वाडीचा हक्क म्हणून आवश्यक आहे. जो शिकतो आहे त्याने आपण शिकाऊ आहोत हे समोरच्यास सांगितले पाहिजे व त्याची संमती घेतली पाहिजे. आपण किती आठवडे येणार हे पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. आईबाप भट्टीवर गेलेल्या मुलास पुन्हा एक माणूस न सांगता निघून गेल्याचे दुःख देणे, हे शिक्षण नव्हे. आणि जाताना आपल्या जागी काही तरी ठेवून गेले पाहिजे: पुढच्या वर्षी येणारी तुकडी, आश्रमशाळेतील एखादा समजूतदार शिक्षक, गावची आशाताई, किंवा निदान ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक, ज्यावर २०२२ पासून सरकारतर्फे विनामूल्य मानसिक साहाय्य मिळते.

आमच्या वाचकांच्या घरांतून कोणी या विद्येकडे वळत असेल, तर तिला वाडीवर अवश्य पाठवावे. तिच्या प्रवासाची, निवासाची व सोबतीची चौकशी वडिलांनी करावी, ते त्यांचे कर्तव्यच आहे. पण त्याबरोबर कॉलेजास आणखीही विचारावे की, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळ देतो, वाडीवर तो स्वतः कितीदा जातो, आणि तुकडी परतल्यावर तेथे कोण राहते. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर चार श्रेयांक मिळतील, विद्या मिळणार नाही.

आणि ती मुलगी परत आल्यावर तिला एकदम ‘काय काय पाहिलेस?’ असे विचारू नये. तेथील गोष्टी तिच्या नाहीत, ज्यांनी सांगितल्या त्यांच्या आहेत, हे ती शिकून आलेली असेल. ती काही न बोलता माजघरात आजेसासूबाईंजवळ जाऊन बसली, त्यांचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकले आणि एकही सल्ला दिला नाही, तर तिची उमेदवारी कारणी लागली असे खुशाल समजावे.