मिश्री लावता का?

एमबीबीएसला प्रवेश मिळाला की शवविच्छेदनाचा हॉल, फॉर्मॅलिनचा वास, जाडजूड पुस्तकं या सगळ्याची तयारी आपण मनाशी केलेली असते. पण पहिल्याच वर्षी कॉलेजची बस आपल्याला एखाद्या गावात नेऊन सोडते आणि तिथली तीन ते पाच घरं आपल्या नावावर लागतात, हे बऱ्याच मुलांच्या आणि पालकांच्या गावीही नसतं. याला ‘फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅम’ म्हणतात, म्हणजे कुटुंब दत्तक योजना. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती २०२२मध्ये अभ्यासक्रमात आणली. तीन टप्प्यांत २७, ३० आणि २१ असे एकूण ७८ तास तिच्यासाठी राखलेले आहेत.

कल्पना मात्र आपल्याकडे जुनीच. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. मुलं आधी पंधरा दिवस शिबिराला जातात आणि पुढे नेमून दिलेल्या घरांशी येणंजाणं ठेवतात.

‘दत्तक’ हा शब्द जरा फसवा आहे. घरच्यांना वाटतं, आता औषधपाणी, ऑपरेशन सगळं ही मुलं बघणार. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकावं: आम्ही अजून डॉक्टर नाही, तुमच्याकडे शिकायला आलोय, काही आढळलं तर आमच्या सरांना दाखवू. एवढं स्पष्ट बोललं की पुढचे रुसवे टळतात.

गावात पोचल्यावर आधी आशाताईंना भेटावं. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाची बीपीची गोळी चालू आहे, कोणाशी कोण बोलत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. वेळही त्यांनाच विचारावी. कॉलेजची बस अकराला पोचते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत अकराला घराला कुलूप असतं. मग शेजारच्या घरी बसून दुसऱ्याच कुटुंबाची माहिती भरली जाते. हसू नका, असं होतं.

पहिल्या भेटीत फॉर्म काढू नये. पाणी दिलं तर प्यावं, ओसरीवर बसावं, कोण कोणाचं कोण ते समजून घ्यावं. चूल आहे की गॅस, पाणी कशात साठवलंय, पाण्याच्या माठाला झाकण आहे का, म्हातारीला संडासापर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे डोळ्यांनी दिसतं. विचारावं लागत नाही.

दुसऱ्या भेटीपासून प्रश्न. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. माझाच सांगतो. फॉर्मवर ‘तंबाखूचं सेवन’ असा रकाना होता. मी चार बायकांना विचारलं, “तंबाखू खाता का?” चौघी म्हणाल्या, “नाही बाई!” मी चार वेळा ‘नाही’ लिहिलं. बरोबरच्या नर्सबाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, “मिश्री लावता का, ते विचारा.” चौघीही लावत होत्या. सकाळ-संध्याकाळ, वर दुपारी एकदा. भाजलेली तंबाखूच ती, पण ती ‘खात’ नाहीत, ‘लावतात’. फॉर्म पुस्तकी भाषेत असतो. घराच्या भाषेत तो आपल्यालाच आणावा लागतो.

मग तपासणी. बीपी घेणं सोपं वाटतं, पण शेतातून आलेल्या माणसाला दारात उभं धरून घेतलेल्या बीपीला काही अर्थ नसतो. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झालेली नसावी. पाच मिनिटं टेकून बसू द्यावं. पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, लुगड्याच्या पदरावरून किंवा सदऱ्याच्या बाहीवरून नव्हे. पट्टा फुगवताना गप्पा बंद. आणि एका आकड्यावरून “तुम्हाला बीपी आहे” असं कधीच म्हणू नये.

आता खरा भाग. समजा, घरातल्या सुनेचं हिमोग्लोबिन ९ आलं. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ तरी हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय आढळला. तेव्हा हे घर वेगळं नाही. कॉलेजात हिमोग्लोबिन शरीरक्रियाशास्त्रात येतं, लोहाचं शोषण जीवरसायनशास्त्रात, गोळी औषधशास्त्रात, सर्वेक्षण जनऔषधवैद्यकात. चार विभाग, चार परीक्षा. या विषयांची सांधेजोड व्हावी, इंटिग्रेशन व्हावं, असं अभ्यासक्रम सांगतो. ती सुनेच्या स्वयंपाकघरात आपोआप होते.

“गोळ्या घेता का?” विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. “दाखवता का?” म्हटलं की डब्यामागून जवळजवळ भरलेलं पाकीट निघतं. दोन दिवस घेतल्या, शौचाला काळं झालं, ती घाबरली, सोडल्या. लोहाच्या गोळीने असं होतं आणि त्यात धोका नसतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घेतली त्या दिवशीही चहाबरोबर घेतलेली, आणि चहामुळे लोहाचं शोषण कमी होतं. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उलट मदत होते. शिवाय ती जेवते सगळ्यांच्या शेवटी. भाजी संपलेली असते, उरतो ठेचा. हे कळलं की ‘पालेभाज्या खा’ असं सांगताना आपली जीभ थोडी अडखळते. तशी ती अडखळायलाच हवी. एक लक्षात ठेवावं: रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं नाही. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणीही व्हायला हवी. तो निर्णय सरांचा, माहिती पोचवणं आपलं.

या सुनेला एकट्या डॉक्टरचा उपयोग नाही. गोळीची आठवण आशाताई करून देणार, पोषण आहार अंगणवाडीसेविका बघणार, तपासणी उपकेंद्रातल्या नर्सबाई करणार. वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्येच म्हटलं आहे. प्रत्यक्षात सोमवारी एमबीबीएसची मुलं येतात, गुरुवारी नर्सिंगच्या मुली, तेच प्रश्न पुन्हा, आणि सल्ला वेगळा. जमेल तिथे एकत्र जावं. गोळ्या का सुटल्या हे मुलापेक्षा नर्सिंगच्या मुलीला ती सून लवकर सांगेल.

शेवटची अडचण लॉगबुकची. भेटीला न जाता मित्राच्या वहीतून बीपी उतरवणारे असतात. सहा महिने एकाच आजीचं बीपी १२०/८० आलं की परीक्षकाला न विचारता कळतं.

आणि रक्त घेतलं असेल तर पुढच्या भेटीला रिपोर्ट घेऊनच जावं. गावातली सगळ्यात जुनी तक्रार हीच आहे: “मागच्या वर्षीची पोरं रक्त घेऊन गेली, ती गेलीच.”